राखून ठेवलेला डोळा

खोटं बोलत असेन तर माझ्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडोत! आत्ताच्या आत्ता पडोत, इथे बसल्या जागी! मुद्दाम ओरडून सांगते, म्हणजे पलीकडच्या घरातही ऐकू जाईल. यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने आत्ताच उठून जावं, त्याच्या वाटचा चहा बाकीच्यांना होईल.

तर हा अभिमन बैसाणे. बाप सुपडू तिकडे दीपनगरला कोळशाच्या कामावर, आई लहानपणीच गेलेली. म्हणून पोरगं वाढलं शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात, फुईकडे. फुई म्हणजे बापाची बहीण. पुण्याकडचे आत्या म्हणतात, आमच्याकडे फुई. केसरबाई तिचं नाव. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी करायची, आणि संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोखाली पोराला कंदील लावून द्यायची. स्वतः चुलीच्या उजेडात भाकरी थापायची, धुरात डोळे चोळत. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्यावर तो पोरगा डॉक्टर झाला. औरंगाबादला शिकला, आणि मग डोळ्यांचं शिकायला धुळ्याला आला. नव्वद साल असेल, नाहीतर एक्याण्णव.

लोकांना वाटतं, डॉक्टर झाला म्हणजे झाला. तसं नसतं, बाबांनो. तापाचं, पोटाचं, हाडाचं सगळं शिकून झालं तरी डोळ्याचं वेगळं शिकावं लागतं. आणि शिकणाऱ्याच्या हातात माणसाचा डोळा कोण देईल? तुम्ही द्याल? म्हणून आधी बकऱ्याचे डोळे.

रोज सकाळी अभिमन स्टीलचा डबा घेऊन खाटकाच्या दुकानापुढे उभा. खाटीक म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, लोक मुंडी मागतात, कलेजी मागतात. मी जे फेकतो ते मागणारे तुम्ही एकटेच." मग दवाखान्यात जाऊन तो डोळा लाकडाच्या ठोकळ्यावर टाचण्यांनी बसवायचा, कापायचा आणि शिवायचा. दोरा केसापेक्षा बारीक. श्वास जोरात सोडला तरी उडून जाईल असा. एकदा काय झालं, डबा बदलला. घरमालकीण बेबाबाईने भेंडीची भाजी समजून झाकण उघडलं, तर आतून सगळे तिच्याकडे बघताहेत! ती अशी किंचाळली, की स्टँडवरून सुटलेल्या साक्रीच्या गाडीने ब्रेक मारला. आणि गल्लीतल्या बकऱ्यांची तर गोष्टच सोडा. अभिमन दिसला की भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटून घ्यायच्या. हसू नका. मी शपथ घेतली आहे.

पण दोन वर्षं होत आली तरी माणसाच्या डोळ्यावर त्याने एकट्याने पातं धरलं नव्हतं. शिकवणाऱ्या वाणी मॅडमच्या शेजारी उभं राहायचं, थेंब टाकायचे, दोरा कापायचा, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. मॅडम बाई मोठ्या हुशार, आणि जिभेच्या तशाच. म्हणायच्या, "घाई असेल त्याने दाताचं शिकावं. दात बत्तीस असतात."

हे मात्र अभिमनने गावाकडे कुणाला सांगितलं नव्हतं. स्टँडवर कोणी भेटलं आणि म्हणालं, "काय डॉक्टर, ऑपरेशनं चालू का?" की हा म्हणायचा, "चालूच आहेत." चालूच होती की. बकऱ्यांची.

आणि फुईकडे जाणं? ते राहूनच जायचं. फुवा, म्हणजे फुईचा नवरा, वारले तेव्हा गेला होता, तो संध्याकाळच्या गाडीने परत. त्या वेळी दारात उभी राहून फुई त्याच्या खांद्यामागे कुठेतरी बघत हात हलवत होती. डोळ्यांचं शिकायला निघालेला पोरगा, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

मग थंडीत शिंदखेड्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. शाळेला सुटी होती. एका वर्गात टेबलं मांडून ऑपरेशनची खोली केली, बाकीच्या वर्गांत खाली गाद्या. आणि प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवून तिथे अभिमनला बसवला, हातात बॅटरी देऊन. त्याचं काम निवडायचं. ज्याचा मोतीबिंदू तयार, त्याच्या कपाळावर त्या डोळ्याच्या वर चिकटपट्टी लावायची. ज्याचा कच्चा, त्याला पुढच्या वर्षी ये म्हणायचं. आणि ज्याचा डोळा वाया गेला, त्याला तसं तोंडावर सांगायचं. हे शेवटचं काम कुणालाच नको असतं. पण अभिमनला त्या दिवशी ते जमायला लागलं होतं. जरा जास्तच जमायला लागलं होतं.

दाराशी धनसिंग होता, दवाखान्याचा ड्रायव्हर. तो एकेकाला आत सोडायचा. बाहेर व्हरांड्यात ही गर्दी. माणसं, बाया, कुणाचा हात धरून आलेली, कुणाच्या काठीला धरून आलेली. आत काय बोलणं चाललंय ते दाराच्या फटीतून सगळ्यांना ऐकू जायचं, आणि ते ऐकायलाच निम्मे लोक बसले होते.

एक म्हातारा आला. डोळा पार गेलेला. अभिमन म्हणाला, "आबा, इतके दिवस काय केलंत?"

"काय करू साहेब, कपाशी व्हती."

"डोळा म्हणजे काय रावेरचा केळीचा घड वाटला का तुम्हाला? पिकू दे, पिकू दे म्हणून ठेवून दिला?"

बाहेर हशा पिकला. धनसिंगसुद्धा हसला. अभिमनला बरं वाटलं. माणसाला आपलं वाक्य चाललं की ते पुन्हा वापरावंसं वाटतं. दुसऱ्याला वापरलं, तिसऱ्याला वापरलं. दुपारपर्यंत व्हरांड्यातले लोक त्या केळीच्या घडाची वाटच बघायला लागले.

दुपारी एक बाई आली. तिचा हात धरून आणखी एक. अंधारात चेहरे काही दिसत नव्हते, बाईने पदर कपाळावर ओढलेला. अभिमनने वरही पाहिलं नाही. हनुवटी धरली आणि बॅटरी मारली.

डावा डोळा पांढरा फटफटीत. बाहुली हलेना.

"उजेड दिसतो का?"

"नही."

"आता? कुठून येतोय उजेड? वरून का खालून?"

"नही दखात, भाऊ."

"दुखला होता का कधी?"

"दुखना ना. लई दुखना. डोकं फुटी जाई असं वाटे. उलट्या व्हयन्यात. मंग आपसूकच ऱ्हायना."

"आपसूक नाही राहिला, बाई. मेला तो. मोतीबिंदू पिकून आत फुटला आणि डोळा घेऊन गेला. आधी का नाही आलात? दर वर्षी जीप फिरते गावागावातून, भोंगा लावून. ऐकू येत नव्हतं? डोळा म्हणजे काय केळीचा घड—"

बाहेर लोक आधीच हसायला लागले होते.

तेव्हा ती बाई म्हणाली. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तसं म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना भाऊ. थांबजो फुई, तुन्हं मीच करसू."

बॅटरी अभिमनच्या हातातून मांडीवर पडली. उजेड वर आला आणि दोन चेहरे दिसले. एक केसरबाईचा. दुसरा पार्वताबाईचा, फुईच्या शेजारणीचा. पार्वताबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. ती व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलली.

"ओळखलं नही का रे डॉक्टर? तुले भाकर खावाडी जिनी, ती शे ही! दोन साल जीप ऊनी गावमा. मी हात धरीसन ओढं इले. ही कोठीमांगे लपी बसनी! मन्हा डॉक्टर घरना शे, म्हने. मन्हा डोया त्यानासाठे ठेयेल शे, म्हने! औंदा तू येल शे हाई कयनं, तवय ऊनी!"

बाहेर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं अभिमनला वाटलं.

आणि मग त्याला ते आठवलं. फुवांच्या वेळी, चहा पिताना. फुई म्हणाली होती, सुईत दोरा जात नाही रे आता. आणि हा घड्याळाकडे बघत म्हणाला होता, "थांब फुई, तुझं मीच करीन." गाडी पकडायची होती. काहीतरी बोलून उठायचं होतं, म्हणून बोललेलं वाक्य. आपण नाही का म्हणत, येईन हं सवडीने? तसं. त्याने ते उंबऱ्याशीच टाकून दिलं, आणि तिने ते उचलून जपून ठेवलं. एका डोळ्यासकट.

त्याने बॅटरी उचलली. दुसरा डोळा पाहिला. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, तयार. पण तो डोळा जिवंत होता. उजेड वरून आला की वर म्हणायची, खालून आला की खाली. त्याने उजव्या भुवईच्या वर चिकटपट्टी लावली. त्याची बोटं इतकी गार पडली होती, की फुई म्हणाली, "थंडी वाजस का तुले? काही पांघरं नही?"

तो मॅडमकडे गेला. मॅडम हात धूत होत्या. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि म्हणाल्या, "एकच डोळा उरलाय ना? मग प्रश्न कुठे आहे? मी करणार. शिकाऊ माणसाच्या हातात शेवटचा डोळा जात नाही."

"मॅडम, ती दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"ते तुझं तू बघ. तिला काय सांगायचं ते तू सांग."

अभिमन व्हरांड्यात आला. फुई भिंतीला टेकून बसली होती, गावच्या बायांच्या घोळक्यात. कपाळावरची पट्टी ती बोटांनी चाचपत होती, नवरीने मुंडावळ्या चाचपाव्या तशी. आणि बायांना सांगत होती, "लहान व्हता ना, तवय मन्हा डोयामा कचरा गया की फुकर मारीसन काढे. बठ्ठासमा हात त्यानाच हलका."

अभिमन समोर उभा राहिला. सांगायचं होतं, की मी अजून शिकतो आहे. एवढंच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? शिकणारा शिकतोच. पण सगळ्या बाया मान वर करून बघत होत्या. मघाचा तो म्हातारा पण बघत होता, कपाशीवाला.

फुईने विचारलं, "तूच ना, भाऊ?"

"हो फुई," तो म्हणाला. "मीच करीन."

पार्वताबाईने पदर तोंडाला लावला. आणि अभिमनला काय वाटलं माहीत आहे? हायसं वाटलं. कापडाखाली तिला काय दिसणार आहे? मॅडम करतील, आपण शेजारी उभं राहू, तोंडाने बोलत राहू, झालं. त्या हायसं वाटण्याची त्याला नंतर जितकी लाज वाटली, तितकी कशाचीच नाही.

ऑपरेशनच्या खोलीत दोन टेबलं. पलीकडच्या टेबलावर छगन नावाचा एक माणूस, त्याचं दुसरे डॉक्टर करत होते. इकडे फुई. पापणीचे केस कापले, डोळ्यामागे सुई दिली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. तोंडावर हिरवं कापड टाकलं, त्याला एकच भोक, आणि त्या भोकातून तो एकच डोळा वर बघणारा. अभिमन उशाशी उभा होता. मॅडमनी पातं हातात घेतलं.

कापडाखालून फुईचा आवाज आला. बारीक, दबलेला.

"अभिमन, भिऊ नको, भाऊ. मी हालनार नही."

म्हणजे बघा. डोळा तिचा, पातं तिच्यावर, आणि धीर ती देतेय. कुणाला? ज्याचा हात तिथे नव्हताच, त्याला.

आणि अभिमनला आपलंच वाक्य ऐकू आलं. मीच करीन. एकदा म्हणालो तेव्हा डावा गेला. आता उजव्यावर तेच म्हणून बसलो.

"मॅडम, एक मिनिट," तो म्हणाला. मॅडमचा हात थांबला. अभिमन खाली वाकला, कापडाशी. तोंडातून मराठी येईना, घरचीच बोली आली.

"फुई, हात मन्हा नही. मॅडमना शे. माले आजून येत नही."

कापड हललं नाही.

"आजपावत मी बकरासनाच डोया कापेल शेतस. मानूसना एक बी नही. मी खोटं बोलनू तुले. आते बी, आनि तवय बी."

नर्स चिमटा हातात धरून उभी. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून, कापडाखालून, छगन ओरडला, "ओ मायबाप! मंग मन्हा कोन कापी ऱ्हायना?"

त्याला दोघांनी धरून ठेवला. त्याचे डॉक्टर म्हणाले, "अरे बाबा, मी कापतोय, माझे केस पांढरे झालेत यात, गप पड!" दाराशी धनसिंग होता, त्याने सगळं ऐकलं. म्हणजे व्हरांड्याने ऐकलं. म्हणजे शिंदखेडा तालुक्याने ऐकलं.

मग फुई म्हणाली, "हाई तू आते सांगस?"

एवढंच. आणि मग, "बाई, चालू द्या तुमचं."

मॅडमनी काम सुरू केलं. अभिमन उशाशी उभा राहून सांगतील तसे थेंब टाकत होता, आणि मॅडमच्या बोटांकडे बघण्याची त्याला हिंमत होत नव्हती. शिकायला आलेला पोरगा, आणि समोर चाललेलं त्याला बघवेना. त्याची नजर कापडाच्या डाव्या बाजूला होती. तिथे एक ओला डाग पसरत चालला होता. दिसणं गेलं तरी डोळ्यातलं पाणी जात नाही, बरं का. ते यायचं तेव्हा येतंच.

फुई खरंच हलली नाही. मोतीबिंदू सबंध निघाला. मॅडमनी टाके घातले आणि पट्टी बांधली, आणि जाता जाता अभिमनला म्हणाल्या, "आत सांगितलंस ते बरं केलंस. बाहेर सांगायचं होतंस." बोलणी खाल्ली असती तर ती त्याला चालली असती. हे त्याला जास्त लागलं.

मग वर्गात गादीवर ते दिवस. फुई उताणी पडलेली, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, खोकायचं नाही, चावायचं नाही. अभिमन चमच्याने शिरा भरवायचा. ती तोंड उघडायची, गिळायची, आणि बोलायची नाही. तिच्या वाटचं पार्वताबाई बोलायची. "ऊना बकरासना डॉक्टर! बाया, आपापल्या शेळ्या सांभाळा वं!" सगळा वर्ग हसायचा. छगन तर पट्टीखालून हसायचा, त्याचे टाके ताणले जातील म्हणून नर्स ओरडायची. अभिमन मान खाली घालून चमचा भरायचा. त्याला वाटायचं, फुईने एकदा तरी शिव्या द्याव्यात. पाहिजे तेवढ्या द्याव्यात.

पट्टी काढायचा दिवस आला. मॅडम म्हणाल्या, "अभिमन, तू सोड." त्याने सोडली. त्या काळी शिबिरात डोळ्यात भिंग बसवत नसत. मोतीबिंदू काढला की बाहेरून जाड चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. तो चष्मा पुढे येणार होता. तोवर बघण्यापुरतं मॅडमनी एक जाड भिंग अभिमनच्या हातात दिलं. "धर तिच्या डोळ्यापुढे."

त्याने धरलं. भिंगातून फुईचा डोळा त्याला एवढा मोठा दिसला, जवळजवळ बशीएवढा. आणि त्या बशीएवढ्या डोळ्याने ती त्याच्याकडे बघत होती. केस, कपाळ, नाक, गळ्याचं हाड. सगळं सावकाश. कुठे लपणार? भिंग तर त्यानेच धरलेलं.

"बारीक व्हयी गया रे तू," फुई म्हणाली, आणि हसली. तोंडभर हसली. आणि अभिमन सगळ्या वर्गासमोर तिच्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला.

पुढे तो शिकला पुरता. माणसांचे डोळेही त्याच्या हातात यायला लागले, आणि हात खरंच हलका होता त्याचा, फुई म्हणायची तसा. धुळ्याला बसायला लागला. पण पेशंटने "साहेब, ऑपरेशन तुम्हीच करणार ना?" असं विचारलं, की तो उत्तर द्यायला अंमळ वेळ लावायचा. आणि केळी त्याने त्यानंतर खाल्ली नाहीत. ताटात आली तर हळूच शेजाऱ्याच्या ताटात सरकवायचा.

फुईच्या चष्म्याची तर गावात कीर्ती झाली. उन्हात धरला की पार्वताबाई त्याच्यावर विडी पेटवायची. हे खरं आहे. बकऱ्या डोळे मिटायच्या, तेही खरं. साक्रीच्या गाडीने ब्रेक मारला, ड्रायव्हरला जाऊन विचारा, असेल जिवंत तर.

फक्त एक.

फुई हसली, म्हटलं ना मी? ते तेवढं माझं. दर वेळी तिथे आले की मला ते पोरगं भिंग धरून उभं दिसतं, आणि मी तिला हसवून टाकते. ती हसली नव्हती. बारीक झालास म्हणाली, ते खरं. मग तिने भिंग हाताने बाजूला केलं, पायांनी चपला चाचपल्या, आणि पार्वताबाईला विचारलं, "गाडी कवय शे वं आपली?"